कापसात हरवलेला नववा खंड

इचोड्याच्या पुढे हमरस्त्याच्या बाभळींना कापूस लागला की समजायचं, हंगाम आला. बाभळीला कापूस लागत नाही हे मलाही कळतं. मी इतिहासाचा मास्तर असलो तरी बापजादे बेल्याकडचे शेतकरीच. पण आमच्याकडे गाड्या अशा फुगवून भरतात की येता-जाता कापसाचे पुंजके काट्यांना अडकतात, विजेच्या तारांना लोंबतात, धाब्यांच्या पाट्यांना चिकटतात. काल इचोड्याहून आदिलाबादला परतताना एक पुंजका उडत आला आणि माझ्या स्कूटरच्या आरशावर बसला. मी तो काढला नाही. मागून मालती, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "काऊन हसून राह्यले एकटेच?" मी म्हटलं, "विमलाअक्कांची आठवण आली." मग तीही हसायला लागली, आणि वाटेत घ्यायची होती ती भाजी न घेताच आम्ही घरी पोचलो.

तीन वर्षांपूर्वीचा तो कापसाचा हंगाम. तो आठवला की आजही छातीत आधी धस्स होतं आणि मग गुदगुल्या होतात.

आधी माझं व्यसन सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. मी जुने रशियन इतिहासग्रंथ जमवतो. त्यातही एकच ग्रंथ माझ्या मानगुटीवर बसलेला आहे. झारच्या काळात एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने उभं आयुष्य घालून लिहिलेला, पीटर्सबर्गला छापलेला, पंधरा खंडांचा रशियाचा इतिहास. कातडी पाठ, सोनेरी अक्षरं आणि हातात घेतला की दोन विटांचं वजन. "आदिलाबादेत झारचं काय काम पडलं बुवा?" असं लोक मला विचारतात. मला काय माहीत! हैदराबादला एम. ए. करत होतो तेव्हा संध्याकाळचा रशियन भाषेचा वर्ग फुकट होता, आणि आमच्या वसतिगृहातला पंखा बंद असायचा, तिथला चालू असायचा. पंख्याखाली बसायला गेलो आणि कायमचा अडकलो.

पहिला खंड हैदराबादच्या रविवारच्या फुटपाथ बाजारात मिळाला, इंजिनियरिंगच्या गाइडांच्या आणि उर्दू शायरीच्या ढिगाखाली. विकणारा म्हणाला, "ले जाव साब, चर्च की किताब है, बरकत होती." बरकत कसली, वाताहत झाली! दुसरा नागपूरच्या रद्दीवाल्याकडे सापडला. मग रीगा नावाच्या गावातला एक दुकानदार पत्रांतून ओळखीचा झाला आणि त्याच्याकडून एकेक खंड येऊ लागला. पार्सल आलं की मी ते लगेच फोडत नसे. आधी नाकाशी धरायचो. ओल, डिंक आणि कोण्या परक्या माणसाचा तंबाखू, असा तिन्हींचा मिळून वास. मालती म्हणायची, "मले ताप आला तवा रजा नाही घेतली तुमी, अन् ह्या पुस्तकाले कसर लागली तर तीन दिवस घरी बसले." हे खरं आहे. मी कबूल करतो. पुस्तकांना वेखंड लावायचा, कडुलिंबाचा पाला सुकवून मधे घालायचा, पावसाळा सरला की एकेका खंडाला सावलीत वारा द्यायचा, ही कामं माझ्या घरात सणासारखी होतात.

पंचवीस वर्षांत चौदा खंड जमले. नववा नाही. रीगाचा दुकानदार वारला, त्याच्या मुलाने दुकान विकलं, इंटरनेट आलं, त्यावरही शोधशोध शोधलं. अख्खा संच मिळे, पण सुटा नववा नाही. मी आठव्याच्या आणि दहाव्याच्या मधे लाकडाचा एक ठोकळा ठेवला होता. पाहुणे विचारत, "हे काय?" मी सांगायचो, "जागा धरून ठेवलीये." एसटीत रुमाल टाकतात ना, तसं.

अशात सरिताचा फोन आला. ही माझी जुनी विद्यार्थिनी, उटनूरला आदिवासी कल्याणाच्या कार्यालयात नोकरीला. म्हणाली, "सर, माझ्या घरमालकीणबाईंकडं तुमच्यासारखंच उलट्या अक्षराचं पुस्तक हाय. जाडजूड. त्यावर रोमन आकडा हाय, आय अन् एक्स." माझ्या हातातला खडू गळून पडला. वर्गातली पोरं हसली. हसू दे. आय अन् एक्स म्हणजे नऊ.

दुसऱ्या दिवशी मी उटनूरला. सागाच्या झाडांमधून जाणारा तो घाटाचा रस्ता एरवी मी आरामात बघत जातो, त्या दिवशी मला एक झाड दिसलं असेल तर शपथ. घरमालकीणबाई म्हणजे विमलाअक्का. मूळच्या यवतमाळच्या, तरुणपणी कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या रशियन इंजिनियरांच्या दुभाषी होत्या. मग लग्न करून ह्या भागात आल्या आणि इथल्याच झाल्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, नजर अशी की मी पायऱ्यांवरच चपला सरळ करून ठेवल्या. पुस्तक पाटावर ठेवलेलं होतं. तेच कातडं, तीच सोनेरी अक्षरं. एका इंजिनियरच्या बायकोने परत जाताना त्यांना दिलेलं.

"अक्का, हे मला द्या," मी म्हटलं. प्रस्तावना नाही, चहा नाही. पंचवीस वर्षांचा उपाशी माणूस दुसरं काय बोलणार?

"देत नाही," त्या म्हणाल्या. "ते गेली तवा तिनं माझ्या हातात दिलं होतं. असं कोणाच्याबी हातात मी देईन का? वाचायला न्या. संक्रांतीनंतर मी मुलीकडे बंगळूरला चालली, कायमची. त्याच्या आत परत आणा. मग बघू, सोबत न्यायचं का कोणाला द्यायचं ते."

'मग बघू' ह्या दोन शब्दांवर मी उटनूर ते आदिलाबाद तरंगत आलो. इतकं उघड होतं की ही परीक्षा आहे. एवढं एक पुस्तक धड सांभाळून परत द्यायचं होतं. पंचवीस वर्षं पुस्तकं सांभाळण्यापलीकडे मी दुसरं केलंय काय? मला ते अगदी सोपं वाटलं.

दिवाळीची सुटी लागली आणि आम्ही नेहमीप्रमाणे गावाकडे गेलो. बेल्यापासून थोडं आत, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आमचं गाव. शेत मोठा भाऊ करतो. त्याला आम्ही दादा म्हणतो. पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पाच झाडांना कापसाचाच धागा गुंडाळायचा, हळदी-कुंकू वाहायचं, दहीभात शेतात शिंपायचा आणि मग पहिलं बोंड वेचायचं. वैनीने दहीभात केला होता. सकाळचं दव, दह्याचा आंबूस वास, पऱ्हाटीची पानं पायाला लागून होणारा खरखराट, आणि बायांनी कमरेला बांधलेल्या ओट्या हळूहळू फुगत गेलेल्या. मी बांधावर बसून नववा खंड वाचत होतो. वैनी म्हणाली, "भाऊजी, कापूस वेचायला आले का अक्षरं वेचायला?" सगळ्या बाया खो खो हसल्या. मीही हसलो. तेव्हा मी जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो हो.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातून फोन आला की परीक्षेच्या कामासाठी लगेच या. आभाळ भरून आलं होतं, स्कूटरवर पुस्तक न्यायची हिंमत होईना. मी ते दादाच्या हातात दिलं. "दादा, दोन दिवस. जिवापाड जपून ठेव. वल लागू देऊ नको."

"अबे, तू बिनघोर जाय," दादा म्हणाला.

आता ऐका, दादाने काय केलं. आमच्या घरी जपायची वस्तू कापसात ठेवतात. ही रीतच आहे. गौरीचे मुखवटे कापसात, आईची काचेची बरणी कापसात, लग्नातलं घड्याळ कापसात. हंगामात घरातली एक खोली वाशापर्यंत कापसाने भरलेली असते, आणि तिच्याइतकी कोरडी, ऊबदार जागा गावात दुसरी नाही. दादाने नववा खंड धुतलेल्या धोतरात गुंडाळला आणि त्या ढिगात खांद्यापर्यंत हात घालून आत सरकवला. मनापासून जपलं बिचाऱ्याने. पुढच्याच दिवशी ऊन पडलं, कापूस खडखडीत झाला, गाडी आयतीच दारात आली. दादा कामाने बेल्याला गेला होता. वैनीने आणि मजुरांनी ती खोली झाडून-पुसून रिकामी केली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला तेव्हा मी घरी पोहे खात होतो.

"सुधाकर, तुझं ते रशियाचं पुस्तक कापसात होतं."

"होतं म्हणजे?"

"कापूस तं गेला ना बाप्पा मार्केटला."

पोह्यांची बशी मी कुठे ठेवली ते आजही आठवत नाही. मालतीने चप्पल घातली, मी नाही घातली. स्कूटरवर मागे बसून ती सारखी म्हणत होती, "हळू, हळू," आणि लगेच, "जरा जोरात घ्या की!" मार्केट यार्डात गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. ओल मोजणारे, बोली लावणारे, बैलांच्या घंटा, मोटारसायकलींचे हॉर्न, आणि सगळीकडे उडणारा पांढरा भुगा. दादाची गाडी त्यात नव्हती. सौदा उरकून ती केव्हाच जिनिंगला गेली होती.

जिनिंग म्हणजे सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे. आणि मधे करवतीसारखे दात. माझ्या डोळ्यांपुढे पीटर्सबर्गची छपाई त्या दातांतून निघून दुसरीकडून पांढऱ्या भुग्यासारखी पडायला लागली. मला रडूच कोसळलं. पन्नाशी उलटलेला माणूस, परीक्षेचा मुख्य निरीक्षक, भर रस्त्यात रडतोय. फक्त पुस्तकासाठी नाही. उटनूरला एक म्हातारी माझ्या शब्दावर बसली होती आणि मी तिची वस्तू कापसात विकली होती.

जिनिंगचा सुपरवायझर बिलासपूरकडचा, भला माणूस. "कौनसी किताब?" त्याने विचारलं.

"रशिया की."

"रशिया की किताब कपास में?" तो दोन पावलं मागे सरकला. मालती पुढे झाली, तिने त्याला हिंदीत, तेलुगूत आणि हातवाऱ्यांनी सगळं समजावलं. आवारात कापसाचे डोंगर. दादाचा कापूस कुठला हे सांगायला दादाच नव्हता. तरी मी अनवाणी पायांनी जो दिसेल त्या ढिगात शिरलो आणि उपसायला लागलो. नाकात रुई, तोंडात रुई, शिंकांवर शिंका.

ढीग पसरणाऱ्या बायांमधली एक, साठीची असेल, कमरेवर हात ठेवून बराच वेळ माझी ही कसरत बघत होती. शेवटी म्हणाली, "काय हुडकून राह्यले भाऊ?"

"पुस्तक! जाड, जुनं. धोतरात बांधलेलं."

"ते पोथी व्हय का? ते तं सकाळीच सापडली. देवीपाशी ठेवली ना मी."

यंत्राच्या खोलीबाहेर कोनाड्यात देवीचा फोटो होता. त्याच्यापुढे, दादाच्या धोतराच्या घडीवर, नववा खंड. कव्हरवर मधोमध हळदीचं ठसठशीत बोट, त्यावर कुंकू, वर झेंडूचं फूल आणि शेजारी जळून गेलेली उदबत्ती. झारच्या सेनापतींना असा मान त्यांच्या घरीही मिळाला नसेल.

"वाचता येत नाही मले," ती बाई जरा संकोचून म्हणाली, "पण एवढी जाडी हाय, कोनंतरी लई मेहनतीनं लिवली असंल. पायात यायला नको म्हणून ठेवली. काही चुकलं का?"

काय चुकणार माय! मी तिच्या पाया पडायला वाकलो, ती घाबरून मागे सरली, म्हणाली, "पाप लावू नका भाऊ." मग मालतीने तिला मिठीच मारली. दोघी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या.

घरी येऊन मी खंड तपासला. पान एकही गेलं नव्हतं. शिवण शाबूत. पण जुन्या कातड्यात हळद मुरली होती. मऊ फडक्याने पुसली, ब्रेडचा गर फिरवून पाहिला, रीगावाल्या दुकानदाराने शिकवलेले सगळे उपाय केले. कुंकू फिकं झालं, हळद हलेना. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात अशा डागाला काय म्हणतात ते मला माहीत आहे, इथे सांगत नाही. मालती म्हणाली, "सरळ जे झालं ते सांगून टाका." मी म्हटलं, "सांगतो. पण आधी वाचून संपवतो, नंतर हातात येणार नाही." आणि आठवडाभर कॉलेजातून आल्याबरोबर बसून मी नववा खंड संपवला. शेवटी एका नगराला वेढा पडलेला असतो. आतलं धान्य संपलेलं, नदी गोठलेली. एक घोडेस्वार अंधाराचा फायदा घेऊन मदत आणायला बाहेर पडतो, आणि खंड संपतो. असा राग आला त्या प्राध्यापकाचा! इथे कोणी थांबतं का?

डिसेंबर सरता सरता उटनूरला गेलो. सोबत मालती होती, मी तिला हट्टाने नेलं, एकट्याने शिव्या खाण्यापेक्षा बरं. अक्कांच्या घरात बांधाबांध सुरू झाली होती. ट्रंका उघड्या, भिंतीवरचे फोटो उतरवलेले. मी खंड पाटावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कापूस, गाडी, जिनिंग, देवी. अक्का ऐकत होत्या. भिंग घेऊन त्यांनी ती हळद पाहिली. नखाने किंचित खरवडली.

"मास्तर, तुमाला मी शहाणं समजत होती," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. संपलं, मी मनात म्हटलं. गेला नववा बंगळूरला.

"वाचलं तरी का पुरतं?"

"हो अक्का. शेवटपर्यंत."

"मग सांगा," त्या एकदम पुढे वाकल्या, आणि त्यांचा आवाजच बदलला, "तो घोडेस्वार पोचला का?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं. ह्या बाईकडे एकच खंड होता. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी त्यांनी तो वाचला, आणि तेव्हापासून त्यांचा तो घोडेस्वार बर्फातच अडकला होता.

"ते दहाव्यात असेल, अक्का."

"मग दहावा कुठं हाय?"

"माझ्याकडे."

"मग सांगा ना!"

आता मला खरी लाज वाटली. "मला माहीत नाही," मी म्हटलं. दहावा खंड माझ्या कपाटात सतरा वर्षं उभा होता, पण त्याची पानं छापखान्यातून आली तशी कडेने जोडलेली होती. जुन्या पुस्तकांत असं असतं, वाचणाऱ्याने सुरीने पानं मोकळी करायची. आणि न कापलेल्या खंडाला आम्हा जमवणाऱ्यांत फार मान. त्यामुळे मी तो नुसता पुसत होतो. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हळद लावल्याचा गुन्हा त्यापुढे काहीच नव्हता.

"घरी विहीर हाय अन् झाकण लावून बसला का?" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहावा घेऊन हजर. अक्कांनी स्वयंपाकघरातून भाजीची सुरी आणली. मी म्हटलं, "थांबा, मी कापतो," पण सुरी घडीच्या कडेला टेकवून तशीच धरून बसलो. सव्वाशे वर्षांत ह्या पानांच्या आत कोणी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या संचातली ती सगळ्यात कोरी वस्तू होती. मालती म्हणाली, "अहो, कापा आता." मी कापलं. चर्र करून पहिली घडी उघडली आणि आत कागद असा पांढराशुभ्र, की तिघंही आधी बघतच राहिलो.

मग मी कापत गेलो आणि अक्का भिंग धरून मोठ्याने वाचत गेल्या. आधी रशियन, मग मालतीसाठी मराठी. उच्चार काय एकेक, माझ्या मास्तरांनाही जमले नसते असे. पहिली पानं नुसते तह आणि कर. "हा बाबा काऊन वळणं घेऊन राह्यला," अक्का चिडल्या. मी भराभर कापत होतो, मालती कागदाच्या कपच्या गोळा करत होती. अठ्ठावीस, तीस, बत्तीस. बत्तिसाव्या पानावर त्यांचा आवाज थांबला. ओठ नुसते हलायला लागले. भिंग खाली आलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, डोळ्यांतून सरळ धारा, आणि टाळी वाजवून ओरडल्या, "पोचला बाप्पा! पोचला!"

मालती उठून नाचायचीच बाकी होती. मीही ओरडलो. सरिता वरच्या खोलीतून धावत खाली आली, काय झालं म्हणून. तिला काय सांगणार, तीनशे वर्षांपूर्वी रशियात एक माणूस मुक्कामाला पोचला?

जरा वेळाने अक्कांनी पाटावरचा नववा उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "घेऊन जा. तुमचाच हाय आता."

पंचवीस वर्षं, आणि हा असा मांडीवर. मी तो छातीशी धरला, उठलो, आणि जायच्या वेळी सवयीने हात पुढे केला. "आणि दहावा, अक्का?"

त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं होतं. मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, वाचून राह्यली ना मी."